चौकीची पायरी

मोठ्या शहरात रात्र पडली की काही ठरावीक रस्त्यांवर तीन माणसे एकमेकांच्या दृष्टीस पडतात. एक, दिव्याच्या खांबाजवळ किंवा जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली स्त्री. दुसरा, गस्तीवरचा शिपाई. आणि तिसरा, वरच्या मजल्यावरून हे सारे पाहणारा रहिवासी. चौथा माणूस येतो आणि जातो. ती स्त्री ज्याच्यासाठी उभी असते तो हा गिऱ्हाईक. त्याची नोंद बहुधा कोणत्याही दप्तरात होत नाही. रहिवाशाची तक्रार खोटी नसते. रात्रीचा गोंगाट, दारूच्या नशेतील भांडणे, मुलीबाळींना रस्त्याने जाताना होणारा त्रास, हे सारे त्याला खरोखरीच भोगावे लागते. तो अर्ज करतो, नगरपालिका ठराव करते, सरकार कायदा करते आणि शेवटी शिपायाचा हात एकाच व्यक्तीच्या खांद्यावर पडतो. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या प्रश्नावर जे जे उपाय योजले गेले, त्यांचा इतिहास पाहिला तर एक साधी कसोटी हाती लागते. ती स्त्री पोलीस चौकीची पायरी आरोपी म्हणून चढते, की फिर्यादी म्हणूनही तिला ती चढता येते? या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या त्या काळच्या व्यवस्थेची पारख करता येते.

या इतिहासाचा आरंभ आपल्या भागात शहरांत झाला नाही, लष्करी छावण्यांत झाला. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या पुष्कळ वाढविण्यात आली. बेळगाव, महू, मुरार, सिकंदराबाद, पुणे अशा छावण्यांतून हजारो तरुण, बहुतेक अविवाहित शिपाई राहू लागले. लढाईपेक्षा रोगराईनेच सैन्य अधिक खचते हे त्या काळच्या सरकारी चौकशीत दिसून आले होते, आणि या रोगांत गुप्तरोगांचे प्रमाण मोठे होते. १८६४ साली छावण्यांसंबंधीचा बाविसावा कायदा झाला. त्याच्या आधाराने छावणीच्या हद्दीतील वेश्यांची नावे नोंदवून घेणे, त्यांना तिकीट देणे, ठरावीक मुदतीने त्यांची शरीरतपासणी करणे आणि रोग आढळल्यास त्यांना वेगळ्या इस्पितळात अडकवून ठेवणे असा बंदोबस्त सुरू झाला. या इस्पितळांना ‘लॉक हॉस्पिटल’ म्हणत. पलटणीच्या बाजारातील या वस्तीला कोठे ‘लाल बाजार’, तर कोठे ‘चकला’ असे नाव पडले.

या व्यवस्थेत एक गोष्ट मूळापासून एकांगी होती. रोग दोघांना होत असे आणि दोघांकडून पसरत असे. सक्ती मात्र एकीवरच होती. खुद्द इंग्लंडात शिपायांची नियमित तपासणी १८५९ च्या सुमारास बंद करण्यात आली होती, कारण तिने शिपायाच्या स्वाभिमानाला धक्का पोहोचतो असे मत पडले. स्त्रीच्या स्वाभिमानाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८६४ सालीच असा एक कायदा अकरा छावण्या व बंदरांच्या गावांसाठी केला. १८६६ आणि १८६९ साली तो वाढविण्यात आला आणि अखेर अठरा ठिकाणी तो लागू झाला. साध्या वेषातील पोलीस या गावांतून फिरत. एखादी स्त्री वेश्या आहे असे त्यांना वाटले की तिला तपासणीसाठी हजर राहावे लागे आणि नकार दिल्यास तुरुंगाची वाट धरावी लागे. रोग आढळल्यास तिला इस्पितळात डांबून ठेवण्याची मुदत आधी तीन महिन्यांची होती, ती वाढत नऊ महिन्यांवर गेली.

हा सारा अधिकार एका शब्दावर उभा होता. ‘सामान्य वेश्या’ हा शब्द इंग्रजी कायद्यात १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यापासून आला होता, परंतु त्याची व्याख्या कोठेही दिलेली नव्हती. कोणती स्त्री या शब्दात बसते हे गस्तीच्या शिपायाने ठरवायचे होते. संध्याकाळी कारखान्यातून परतणारी मजूर स्त्री, प्रियकराशी बोलत उभी असलेली मोलकरीण, नवऱ्याची वाट पाहणारी खलाशाची बायको, या साऱ्याजणी त्या संशयाच्या कक्षेत येत. १८७५ साली अल्डरशॉट येथील एका विधवा गायिकेवर पोलिसांनी असाच संशय घेतला. तिचे काम गेले आणि अखेर तिने कालव्यात जीव दिला. त्या घटनेने सारा देश हादरला.

या कायद्याच्या विरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिची नेता जोसेफीन बटलर ही होती. तिचा जन्म १८२८ चा. तिचा नवरा शिक्षक आणि धर्मोपदेशक होता. आपली लहान मुलगी अपघाताने गमावल्यावर १८६६ साली ती त्याच्याबरोबर लिव्हरपूल येथे राहावयास आली, आणि तेथील अनाथगृहातील निराधार स्त्रियांच्या सहवासात तिने आपले दुःख विसरण्याचा प्रयत्न केला. गोदी-बंदरातील दारिद्र्य, मजुरीचे तुटपुंजे दर आणि घरातून हाकलून दिलेल्या मुली हे सारे तिने जवळून पाहिले. १८६९ साली तिने स्त्रियांची एक राष्ट्रीय संघटना उभारली. १८७० च्या आरंभी त्या संघटनेने वृत्तपत्रात आपला निषेध प्रसिद्ध केला. त्यावर शंभराहून अधिक स्त्रियांच्या सह्या होत्या, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल व हॅरिएट मार्टिनो यांचीही नावे त्यात होती. सभ्य घरातील स्त्रीने या विषयाचा उच्चारसुद्धा करू नये असा तो काळ होता. सभांवर दगडफेक झाली, निंदा झाली. तरीही सोळा वर्षे ही चळवळ चालली. पार्लमेंटात जेम्स स्टॅन्स्फेल्ड यांनी तिची बाजू लावून धरली. १८८३ साली सक्तीची तपासणी स्थगित झाली आणि १८८६ साली तो कायदा रद्द झाला.

बटलरबाईंचा मुद्दा नीतीच्या उपदेशापुरता नव्हता. ज्या कायद्याने पोलिसाच्या निव्वळ संशयावरून एका वर्गाच्या स्त्रियांचे देहस्वातंत्र्य हिरावून घेता येते, तो कायदा उद्या कोणत्याही स्त्रीच्या दाराशी येऊ शकतो, असे त्या सांगत. शिवाय एकाच कृत्यात पुरुषाला मोकळीक आणि स्त्रीला शिक्षा हे न्यायाच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही, हेही त्यांनी वारंवार मांडले.

हिंदुस्थानात या कायद्याची छाया छावण्यांबाहेर शहरांवरही पडली. १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा चौदावा कायदा झाला. कलकत्त्यात तो १८६९ साली अमलात आला, मुंबईत १८७० साली. मुंबईतील त्याचे आयुष्य मोठे चमत्कारिक आहे. शहरातील वेश्यांनी नावे नोंदवावी, तपासणीस यावे, अशी अपेक्षा होती. परंतु बहुसंख्य स्त्रियांनी नावे नोंदविली नाहीत. कोणी घर बदलले, कोणी शहर सोडले, कोणी आपण गाणारीण किंवा कोणाची तरी रखेली असल्याचे सांगितले. जिचे नाव नोंदले गेले तिला नोंदवहीतून बाहेर पडणे नाव नोंदविण्यापेक्षाही कठीण होते. या खर्चाचा भार कोणी उचलावा यावरून सरकार आणि शहराचे कारभारी यांच्यात वाद माजला, आणि १८७२ साली मुंबईतील अंमल बंद पडला. १८८० साली तो पुन्हा सुरू झाला आणि १८८८ साली कायदाच रद्द झाल्यावर कायमचा संपला.

येथे वैद्यकशास्त्राची स्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. परम्याच्या रोगजंतूचा शोध १८७९ साली लागला, उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला, त्याची रक्तपरीक्षा १९०६ साली निघाली, पहिले परिणामकारक औषध १९१० साली आले, आणि उपदंशावर पेनिसिलिनचा पहिला यशस्वी प्रयोग १९४३ सालचा आहे. म्हणजे ज्या काळात स्त्रियांना सक्तीने तपासणीच्या खोलीत नेले जात होते, त्या काळात डॉक्टरला निरोगी आणि रोगी यांतील भेद खात्रीने सांगता येत नव्हता. एकीवर वापरलेले हत्यार नीट स्वच्छ न करता दुसरीवर वापरले गेल्यास तपासणीच रोगप्रसाराचे कारण होण्याचा धोका होता. रोग बरा करण्याची शक्ती हाती नसताना केवळ सक्ती करण्याची शक्ती वापरली गेली.

कायदा रद्द झाला तरी छावण्यांतील रीत लगेच बदलली नाही. १७ जून १८८६ रोजी हिंदुस्थानच्या लष्करी कचेरीतून एक परिपत्रक निघाले होते. पलटणींच्या बाजारात पुरेशा संख्येने, दिसावयास बऱ्या अशा स्त्रिया असाव्यात आणि त्यांच्या राहण्याची नीट सोय असावी, असा त्याचा आशय होता. ते परिपत्रक १८८८ साली इंग्लंडात उघडकीस आले तेव्हा मोठा गहजब झाला, आणि ५ जून १८८८ रोजी कॉमन्स सभेने हिंदुस्थानातील सक्तीची तपासणी बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर सरकारकडून सांगण्यात आले की ही पद्धत आता उरलेली नाही. या सांगण्याची शहानिशा करण्यासाठी १८९१-९२ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरिन बुश्नेल या दोन अमेरिकन स्त्रिया उत्तर हिंदुस्थानातील दहा छावण्यांत हिंडल्या. त्या थेट चकल्यांत गेल्या आणि तेथील स्त्रियांशी बोलल्या. नोंदणी, तिकिटे आणि तपासणी हे सारे नाव बदलून चालूच असल्याचे त्यांनी दाखवून दिले. माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आधी हे आरोप नाकारले, परंतु १८९३ च्या चौकशीनंतर त्यांना त्या दोघींची माफी मागावी लागली. ज्यांच्याविषयी तीस वर्षे कागद रंगविले जात होते, त्या स्त्रियांना जाऊन विचारण्याची बुद्धी फार थोड्यांना सुचली होती.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सक्ती सैल झाल्यानंतरच्या काळात, १८९५ च्या सुमारास, हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्यात गुप्तरोगाने इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण हजारी पाचशेच्या वर गेले. तो आकडा पुढे करून १८९७ साली छावण्यांच्या नियमांत काही बंधने पुन्हा आणण्यात आली. परंतु पुढील दहा-पंधरा वर्षांत हे प्रमाण हजारी शंभराच्याही खाली आले, त्याची कारणे केवळ स्त्रियांवरील बंधनात शोधता येत नाहीत. शिपायांसाठी खेळ, वाचनगृहे आणि दारूवर आळा घालणाऱ्या संस्था निघाल्या, उपचार सुधारले, आणि १९०५ साली सरसेनापती किचनर यांनी शिपायांनाच उद्देशून संयमाचे आवाहन करणारे पत्रक काढले. प्रथमच पुरुषालाही या प्रश्नात जबाबदार धरले गेले.

नोंदणीचे युग संपल्यावर शहरांत दुसरे युग सुरू झाले, ते हलविण्याचे. मुंबईच्या १९०२ च्या पोलीस कायद्याने पोलीस कमिशनरला हमरस्त्यावरील कुंटणखाने हटविण्याचे अधिकार दिले. प्रतिष्ठित रहिवाशांचा अर्ज आला की त्या रस्त्यावरून स्त्रियांना उठवायचे, असा प्रघात पडला. उठविलेल्या स्त्रिया जात कोठे? जेथून अर्ज करणारा कोणी वजनदार रहिवासी नाही अशा मोहल्ल्यात त्या जात. कामाठीपुरा, फोरास रोड, फॉकलंड रोड, डंकन रोड या भागांत ही वस्ती दाट होत गेली ती अशी. कामाठीपुऱ्याचे नाव मुळात या व्यवसायावरून पडलेले नाही. निजामाच्या तेलंगणातून येऊन मुंबईची घरे, रस्ते आणि गोद्या बांधणाऱ्या कामाठी मजुरांवरून ते पडले. गरीब मजुरांची ती वस्ती होती, आणि शहराला जे डोळ्यांसमोर नको होते ते मजुरांच्या दारात नेऊन ठेवण्यात आले. त्या मजुरांच्या लेकीबाळींना त्रास होईल की नाही, हे मलबार हिलवरच्या अर्जात लिहिलेले नसे.

याच भागात करसेटजी सुखलाजी स्ट्रीटवर युरोपियन वेश्यांची घरे होती, आणि त्यामुळे लोक त्या गल्लीला ‘सफेद गल्ली’ म्हणत. या स्त्रियांवर पोलिसांची बारीक नजर असे. देशी स्त्रियांच्या बाबतीत मात्र घराच्या आत काय चालते याकडे सहसा कोणी पाहत नसे. त्याचे भयंकर फळ १९१७ साली दिसून आले. डंकन रोडवरील एका कुंटणखान्यातून पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका तरुण स्त्रीचा मालक आणि कुंटिणींनी अनन्वित छळ करून प्राण घेतला. खटला झाला, गुन्हेगारांना शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांत खळबळ उडाली. गजांआड कोंडलेल्या, कर्जाने बांधलेल्या स्त्रिया या शहरात आहेत हे मुंबईकरांना जणू प्रथमच कळले. त्या स्त्रिया भर वस्तीत राहत होत्या आणि शिपाई रोज त्या रस्त्याने जात होता. परंतु शिपाई हा आपला रक्षक आहे असे त्या स्त्रीला वाटावे, असे तिच्या आयुष्यात काही घडलेले नव्हते.

या खटल्यानंतर लोकमत जागे झाले. स्त्रियांच्या संस्था, समाजसुधारक आणि धर्मसंस्था यांनी सरकारकडे मागणी केली, समिती नेमली गेली आणि १९२३ साली मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. दलाल, कुंटिणी आणि मुलींना फसवून आणणारे यांच्यावर त्याचा रोख होता. पण रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक बोलावणे हाही त्यात गुन्हा ठरविण्यात आला. आता या दोन गुन्ह्यांच्या शाबितीत केवढे अंतर आहे ते पाहावे. कुंटणखान्याच्या मालकाविरुद्ध साक्ष देणार कोण? त्याच्याच घरात राहणारी, त्याच्याच कर्जात बुडालेली स्त्री. रस्त्यावरील स्त्रीला दोषी ठरविण्यास मात्र शिपायाचा जबाब पुरेसा. म्हणून कायद्याची धार जेथे सहज चालेल तेथेच चालली. ज्या स्त्रीच्या रक्षणासाठी कायदा झाला, तिलाच दंड भरावा लागला. आणि दंडाची रक्कम मालकाकडून घ्यावी लागली की तिच्या डोक्यावरचे कर्ज आणखी वाढले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार निषिद्ध ठरविला. ९ मे १९५० रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली, आणि त्या करारास अनुसरून १९५६ साली स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा कायदा संसदेने केला. तो १ मे १९५८ पासून अमलात आला. या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या प्रौढ स्त्रीने स्वतःच्या घरी, एकटीने हा व्यवसाय करणे हा त्यात गुन्हा नाही. कुंटणखाना चालविणे, दुसरीच्या कमाईवर जगणे, मुलींना आणणे हे गुन्हे आहेत. आणि सार्वजनिक जागेत किंवा तिच्या जवळपास हे चालणे, तसेच गिऱ्हाइकाला बोलावणे, हेही गुन्हे आहेत. म्हणजे जिच्याजवळ स्वतःची खोली नाही, जी सर्वांत गरीब आहे, ती रस्त्यावर येते आणि तीच कायद्याच्या कचाट्यात सापडते.

त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने मॅजिस्ट्रेटला असा अधिकार दिला की त्याने वेश्येला आपल्या हद्दीतून निघून जाण्याचा हुकूम करावा. कानपूरच्या काही स्त्रियांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा व फिरण्याचा हक्क आपल्यालाही आहे असे त्यांचे म्हणणे होते. अलाहाबादच्या हायकोर्टाने ते मान्य केले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ते कलम वैध ठरविले. निकाल विरुद्ध गेला, तरी आपण या देशाच्या नागरिक आहोत असे या स्त्रियांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर सांगितले, हे त्या खटल्याचे महत्त्व आहे.

१९८६ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याचे नावही बदलले. या दुरुस्तीत गिऱ्हाईक बोलावण्याच्या गुन्ह्याला एक परंतुक जोडण्यात आले. स्त्रीने हा गुन्हा केल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दुसऱ्या वेळी वर्षापर्यंत. तोच गुन्हा पुरुषाने केल्यास निदान सात दिवस, पण तीन महिन्यांच्या वर नाही. समाजाच्या सहभागाची तरतूदही या कायद्यात आहे. झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन प्रतिष्ठित रहिवासी, त्यांतील एक स्त्री, साक्षीला असावेत, आणि पोलीस अधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी समाजकार्यकर्त्यांचे मंडळ नेमता यावे, असे त्यात म्हटले आहे. रहिवाशाने केवळ तक्रारदार न राहता पोलिसांच्या वर्तनाचाही साक्षीदार व्हावे, हा या तरतुदीतील चांगला अर्थ आहे.

हलविण्याची रीत मात्र एकविसाव्या शतकातही सुटली नाही. गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावर अशी एक वस्ती होती. तेथील बऱ्याच स्त्रिया कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या होत्या. २००३ साली हायकोर्टाने ही वस्ती बंद करण्याचा आणि तेथील स्त्रियांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्यात, घरे पाडण्यात आली. किनारा मोकळा झाला, परंतु स्त्रिया विखुरल्या. वस्ती एका जागी असताना डॉक्टर, शिक्षिका आणि कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत होत्या. विखुरल्यावर तो धागाही तुटला. घर पाडण्याचे काम एका दिवसाचे असते आणि पुनर्वसनाचे काम अनेक वर्षांचे असते. म्हणून पहिले लवकर उरकते आणि दुसरे रेंगाळते.

याच्या उलट दिशेचे प्रयोगही आपल्या जवळपासच झाले. एड्सची भीती पसरली तेव्हा १९९२ साली कलकत्त्याच्या सोनागाची वस्तीत डॉक्टर स्मरजित जाना यांनी आरोग्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था निघाली, आणि १९९६ साली तेथील स्त्रियांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. तिचे काम सांगली-कोल्हापूरपासून सीमेपलीकडील कर्नाटकाच्या गावांपर्यंत पसरले. या प्रयोगांत रोगप्रतिबंधाची साधने वाटणे, बायांना दवाखान्यात नेणे, नव्याने आलेल्या अल्पवयीन मुलीची वर्दी देणे ही कामे त्या स्त्रियांनीच अंगावर घेतली. शंभर वर्षांपूर्वी सरकारने तिकीट देऊन, शिपाई पाठवून आणि इस्पितळात कोंडून जे साधण्याचा प्रयत्न केला होता, ते विश्वासाने अधिक साधते असे येथे दिसले. पण या कामातही एक अडचण वारंवार येई. स्त्रीच्या पिशवीत रोगप्रतिबंधाचे साधन सापडले की पोलीस तेच गुन्ह्याचा पुरावा म्हणून मांडत. एका सरकारी खात्याने वाटायचे आणि दुसऱ्याने त्याच कारणासाठी पकडायचे, असा हा प्रकार होता.

या प्रश्नाला न्यायालयात पुन्हा तोंड फुटले तेही एका खुनामुळेच. १९९९ साली कोलकात्यात एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचा खून झाला. आरोपीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळले, आणि तेवढ्यावर न थांबता अशा स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिच्या शिफारशींपैकी काहींवर १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या अशा स्त्रीला इतर कोणत्याही पीडित स्त्रीप्रमाणे वैद्यकीय आणि कायदेशीर मदत मिळावी. पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागावे. धाडीच्या वेळची तिची छायाचित्रे प्रसिद्ध होऊ नयेत. आरोग्यरक्षणाची साधने गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत. आणि सुधारगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करून त्यांना ठरावीक काळात मुक्त करावे, असा त्यांचा आशय आहे. १८६४ च्या छावणी कायद्यापासून २०२२ पर्यंत १५८ वर्षे लोटली.

ज्या लिव्हरपूलमध्ये जोसेफीन बटलरने आपल्या कामाला आरंभ केला, त्या भागाच्या मर्सीसाइड पोलिसांनी २००६ साली एक वेगळा मार्ग धरला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवरील हल्ला हा द्वेषमूलक गुन्हा समजून त्याचा कसून तपास करावयाचा, असे त्यांनी ठरविले. त्यापूर्वी तेथे अशा काही स्त्रियांचे खून झाले होते. स्त्रिया पुढे येऊन हल्लेखोरांची माहिती देतील तर इतर नागरिकांचेही रक्षण होईल, हा त्यामागील साधा व्यवहार होता. तीन वर्षांनी, २००९ साली, ‘सामान्य वेश्या’ हा शब्द इंग्लंडच्या रस्त्यावरील गुन्ह्यांच्या कायद्यातून काढून टाकण्यात आला.

एवढ्या इतिहासावरून रहिवाशाची अडचण सुटली असे म्हणता येणार नाही. त्याला शांत रस्ता हवा आणि तो मागण्याचा त्याला हक्क आहे. परंतु नोंदणीने, हलविण्याने आणि दंडाने रस्ते थोडा काळ मोकळे झाले आणि अडचण शेजारच्या अधिक गरीब मोहल्ल्यात गेली, एवढेच या शहरांच्या दप्तरांतून दिसते. गोंगाट, मारामारी, दारू आणि अल्पवयीन मुलींचा व्यापार यांना आळा घालायचा तर त्या रस्त्यावरील प्रत्येक गोष्टीची खबर ज्या स्त्रीला असते, तिचीच मदत पोलिसांना लागणार. शिपायाला पाहून जी पळते ती ही मदत देऊ शकत नाही. १९१७ साली डंकन रोडवरील ती तरुणी पळून निघाली तेव्हा तिला जवळच्या चौकीत जाऊन फिर्याद सांगता आली असती, तर कदाचित ती वाचली असती.